वानझेकाठचे खरेदीखत

बर्लिनच्या नैर्ऋत्येला वानझे हे सरोवर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका बँकरने त्याच्या काठी बंगल्यांची वसाहत वसवली आणि शहरातली धनिक कुटुंबे उन्हाळ्यात तिथे मुक्कामाला जाऊ लागली. चित्रकार मॅक्स लीबरमान यांनी १९०९ मध्ये तिथे जागा घेतली. घराणे ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या कापडधंद्यातले; ब्रांडेनबुर्ग दरवाजाला लागून असलेले शहरातले घर वडिलार्जित. वानझेचे घर मात्र त्यांनी स्वतः, हौसेने बांधून घेतले.

हौस बागेत अधिक दिसते. हॅम्बुर्गच्या कलासंग्रहालयाचे संचालक आल्फ्रेड लिख्टवार्क यांच्याशी सल्लामसलत करून लीबरमान यांनी ती आखली. रस्त्याच्या बाजूला भाजीपाला आणि फुलझाडे, मागे पाण्यापर्यंत उतरत गेलेली हिरवळ, एका अंगाला कातरलेल्या झुडपांनी वेढलेली तीन दालने. बर्चची झाडे तिथे आधीपासूनच होती. वाट काढताना ती तोडली नाहीत. वाटेच्या मधोमध तशीच राहू दिली. या एवढ्याशा बागेची दोनशेहून अधिक तैलचित्रे त्यांनी काढली.

अशा घरांचा इतिहास आपण वास्तुरचना, बाग आणि पाहुणे यांत सांगून मोकळे होतो. माझी हरकत इथेच आहे. घराचा इतिहास त्याच्या मालकीच्या कागदांतही असतो, आणि या घरातला सर्वांत महत्त्वाचा कागद १९४० चा आहे.

लीबरमान प्रशियाच्या कला अकादमीचे अनेक वर्षे अध्यक्ष होते. नाझी सत्तेवर आल्यावर मे १९३३ मध्ये त्यांनी अकादमी सोडली. १९३५ मध्ये ते गेले. मुलगी कुटुंबासह अमेरिकेला निघून गेली, पत्नी मार्था मागे राहिल्या. १९४० मध्ये त्यांना हे घर सरकारी टपालखात्याला विकणे भाग पाडले गेले. कागदोपत्री तो रीतसर व्यवहार होता, किंमतही ठरली होती. पण ते पैसे मार्थाबाईंच्या हाती पडले नाहीत. मार्च १९४३ मध्ये छळछावणीत रवानगीचा हुकूम आला, तेव्हा पंचाऐंशी वर्षांच्या या बाईंनी झोपेचे औषध घेऊन जीवन संपवले.

त्याच किनाऱ्यावर, चालत जाण्याच्या अंतरावर, दुसरा बंगला आहे. वास्तुकार तोच, पाउल बाउमगार्टेन. एका कारखानदारासाठी बांधलेला हा बंगलाही पुढे विकला गेला आणि १९४० मध्येच नाझींच्या एसएस या संघटनेच्या एका प्रतिष्ठानाने घेतला. २० जानेवारी १९४२ रोजी एसएसचा वरिष्ठ अधिकारी राइनहार्ड हायड्रिश याच्या अध्यक्षतेखाली पंधरा अधिकारी तिथे बसले आणि युरोपभरच्या ज्यूंच्या संहाराची प्रशासकीय घडी त्यांनी बसवली. त्यांच्यात कायद्याच्या डॉक्टरेट मिळवलेले लोक होते. मार्थाबाईंचे घर आणि त्यांचा जीव घेणारी यंत्रणा एकाच किनाऱ्यावर होती, म्हणून ही दोन घरे वेगवेगळ्या खात्यांत टाकता येत नाहीत. एकाकडे कलेसाठी आणि दुसऱ्याकडे शोकासाठी जायचे, ही वाटणी सोयीची आहे. ती मला मान्य नाही.

युद्धानंतर लीबरमान यांचे घर कायद्याने मुलीला परत मिळाले, पुढे शहराने ते विकत घेतले. तिथे इस्पितळ होते, नंतर पाणबुड्यांचा क्लब आला. संग्रहालय उघडले ते २००६ मध्ये, तेही नागरिकांच्या एका संस्थेने चिकाटी धरली म्हणून. दुसऱ्या बंगल्यात तर कित्येक वर्षे शाळकरी मुलांच्या सहलींचे वसतिगृह होते. आउश्वित्समधून वाचलेले इतिहासकार योझेफ वुल्फ यांनी १९६०च्या दशकात तिथे दस्तऐवज केंद्र व्हावे म्हणून जिवाचे रान केले, प्रस्ताव बारगळला. १९७४ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. स्मारक झाले १९९२ मध्ये.

बाग पुन्हा उभी करताना लीबरमान यांची चित्रे पुरावा म्हणून कामी आली. कोणते रोप कुठे होते हे त्यांत दिसते. तेवढाच काटेकोरपणा विक्रीच्या कागदालाही लावायला हवा. खरेदीदार कोण, सही कुणाची, कोणत्या धाकाखाली, पैसे कुठे अडकवले, हे बर्चच्या वाटेइतक्याच तपशिलाने सांगितले गेले पाहिजे, कारण ती वाट एका कुटुंबाकडून काढून घेतली गेली ती त्याच कागदाने.