गांवाचें आरोग्य हा शिकण्याचा विषय होय काय?

बारावीची परीक्षा उतरलेल्या मुलानें किंवा मुलीनें पुढें काय शिकावें, हा प्रश्न दरवर्षीं पावसाच्या तोंडावर आमच्या खेड्यांतील पुष्कळ घरांत उभा राहतो, आणि त्याचें उत्तर बहुधा चार ठरीव शब्दांत देण्यांत येतें: डॉक्टर, इंजिनियर, नर्स, मास्तर. हें न जमल्यास पनवेलीस एखादी नोकरी. या यादींत न बसणारा एक अभ्यासक्रम अलीकडे ऐकूं येऊं लागला आहे. परदेशांतील कित्येक विद्यापीठांत तो पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच शिकवितात. आपल्याकडे तो बहुधा पदवीनंतर, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणीं शिकवीत आले आहेत. पदवीसाठींही आतां कोठें कोठें सोय होत आहे. समाजाचें आरोग्य व सर्व जगाचें आरोग्य हा त्याचा विषय. त्यांत थोडें शरीरशास्त्र, थोडें रोगांचें शास्त्र, बरेंच संख्याशास्त्र, आणि त्यांच्याच पंक्तीस समाजशास्त्र, अर्थशास्त्र, कायदा व इतिहास हीं बसविलेलीं असतात. शिवाय गांवांत जाऊन करावयाचें काम वेगळेंच. एकच शेत चारही बांधांवरून पाहावें, तसा हा प्रकार आहे.

आतां असें समजा कीं, पनवेल-रोहा लोहमार्गावर आपटा व हमरापूर यांच्यामध्यें जिते म्हणून जें लहान स्टेशन आहे, तेथील एका घरांतील मुलीनें हा विषय घेण्याचें मनांत आणिलें. घरांत विचारणा होणारच. काका म्हणतील, "म्हणजे तूं डॉक्टरीण होणार ना?" ती म्हणेल, "नाहीं, काका." "मग नर्स?" "तेंही नाहीं." "मग वाडींत कोणी आजारी पडला तर तूं करणार काय?" या शेवटच्या प्रश्नास हंसून चालणार नाहीं. काकांस शास्त्रांचीं नांवें ठाऊक नसतील, परंतु त्यांनीं बोट बरोबर जागीं ठेविलें आहे. जें ज्ञान कोणा एकाही रोग्यास बरें करीत नाहीं, त्यापायीं गरिबाच्या घरचा पैसा व तरुणपणाचीं तीन-चार वर्षें खर्च करणें योग्य आहे काय? समोर विव्हळणाऱ्या माणसाचा हक्क मोठा, कीं जो अद्याप आजारी पडलेला नाहीं त्याचा?

काकांच्या बाजूनें जें बोलतां येईल तें आधीं बोलूं. महाडजवळ बिरवाडी येथील सरकारी आरोग्य केंद्रावर १९७६ सालीं डॉ. हिंमतराव बावस्कर आले. तेव्हां या जिल्ह्यास कुलाबा म्हणत. रायगड हें नांव १९८१ सालीं पडलें. कोंकणांतील तांबडा विंचू चावला म्हणजे मनुष्य, आणि त्यांतून लहान मूल, घामाघूम होऊन, हातपाय गार पडून, फुप्फुसांत पाणी भरून प्राण सोडी. डॉक्टरांनीं रात्र रात्र रोग्याच्या उशाशीं बसून नाडी, श्वास व रक्ताचा दाब टिपून ठेविला, आणि पुढें असें दाखवून दिलें कीं, रक्तदाबावरील प्राझोसिन नांवाची साधी गोळी वेळेवर पोटांत गेली तर हृदयावरचा ताण उतरतो. पूर्वीं गंभीर रोग्यांपैकीं शेंकडा चाळिसांच्या आसपास दगावत. तें प्रमाण अगदीं थोडक्यावर आलें. इंग्लंडांतील लॅन्सेट या वैद्यकीय पत्रानें त्यांचे लेख छापिले, आणि २०२२ सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. या कामास अर्थशास्त्र लागलें नाहीं, समाजशास्त्र लागलें नाहीं. एका माणसाजवळ जागत बसणें लागलें.

तेव्हां विव्हळणाऱ्याचा हक्क पहिला, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु पहिला म्हणजे एकुलता नव्हे. ती गोळी वेळेवर पोटांत जाईल केव्हां? विंचू दगडांच्या बांधांत, लांकडांच्या मोळींत, पेंढ्याखालीं राहतो. म्हणून तो अनवाणी चालणाऱ्यास व अंधारांत सर्पण उचलणाऱ्या बाईस चावतो, बुटांत वावरणाऱ्यास क्वचित्. चावल्यावर मुलाला आधीं भगताकडे नेतात, तें केवळ अडाणीपणामुळें नव्हे. भगत वाडींत असतो आणि केंद्र कोसांवर असतें. वाट, दिवा, वाहन, आणि सरकारी दारांत आपणांस कोणी हिडिसफिडिस करणार नाहीं हा भरंवसा, इतक्या गोष्टी जुळल्या तर ती गोळी उपयोगाची. त्या कां जुळत नाहींत हें शोधणें म्हणजेच त्या मुलीचा विषय होय.

हा शोध न करितां केवळ औषधपाण्याचा व हुकुमांचा जोर लाविला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासांत ठसठशीत आहे. १८९४ सालीं हाँगकाँगांत असलेला प्लेग १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईच्या बंदराजवळ मांडवीस दिसूं लागला. सर्व जगाचें आरोग्य आणि आपल्या गल्लीचें आरोग्य हे दोन विषय नव्हत, हें मांडवीच्या लोकांस पुस्तकावांचून कळलें. पुढल्या वर्षीं पुण्यास रँड साहेबांच्या देखरेखीखालीं गोरे सोजीर घरांत, देवघरांत शिरले. माणसें उचलून छावणींत नेलीं. सामान रस्त्यावर जाळलें. लोकांनीं रोगी लपविले. २२ जून १८९७ च्या रात्रीं चाफेकर बंधूंनीं रँड यांजवर गोळी झाडली, व कांहीं दिवसांनीं ते वारले. खुनाचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु एक गोष्ट विलक्षण आहे. उंदरांच्या अंगावरील पिसवांनीं हा रोग पसरतो, हें पॉल-लुई सिमाँ यांनीं १८९८ सालीं दाखविलें. आणि इकडे त्या वर्षांतील साथींत उंदीर पडूं लागले कीं घर सोडून रानांत झोपडी घालावी, ही समजूत आमच्या खेड्यापाड्यांतील लोकांनीं आपली आपण बांधली होती. हुकूम देणाऱ्यांजवळ सत्ता होती, औषधें होतीं, घोडे होते. विचारण्याची रीत तेवढी नव्हती. त्याच साथींत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करितां करितां १० मार्च १८९७ रोजीं वारल्या. त्यांस लोकांनीं दार उघडलें होतें.

जुनी गोष्ट पुरे. पेण तालुक्याकडेच पाहूं. हेटवणें धरण याच तालुक्यांत आहे, व त्याचें पाणी नळांनीं नवी मुंबईस जातें. आणि खाडीच्या कडेच्या वाशी खारेपाटांतील गांवांनीं मात्र उन्हाळ्यामागून उन्हाळे टँकरची वाट पाहण्यांत घालविले. तेथल्या लेंकरास हगवण लागली तर डॉक्टर मीठ-साखरेचें पाणी देईल व तें वांचेल, देवाची दयाच. पुढल्या महिन्यांत त्यास पुन्हां हगवण लागेल. हा रोग पोटांत दिसतो, परंतु त्याचें एक मूळ पाणीवाटपाच्या कागदांत आहे, आणि तो कागद वाचण्यास वैद्यकाच्या शाळेंत शिकवीत नाहींत. हमरापूर व जोहे येथील गणपतींच्या कारखान्यांत वर्षभर प्लास्टरच्या धुळींत बसणाऱ्यास खोकल्याचें औषध देतां येतें. पण धूळ हीच ज्याची भाकरी आहे त्यास धूळ सोड असें कोणत्या तोंडानें सांगावें? येथें आरोग्य व पोट यांचा झगडा आहे, आणि तो एका शास्त्राच्या माणसाकडून सुटावयाचा नाहीं.

एवढें झालें तरी काकांच्या प्रश्नांतील एक कांटा राहतोच. डॉक्टरानें वांचविलेलें मूल मोठें होऊन त्याच्या पायां पडतें. ज्या मुलास हगवण लागलीच नाहीं, त्याचे आईबाप कोणाच्या पायां पडणार? त्यांस ठाऊकही नसतें कीं आपलें मूल दगावणार होतें. अशा कामांत आयुष्य घालविणाऱ्यास उपकाराचा शब्द मिळत नाहीं. उलट, काम साधलें म्हणजे लोक म्हणतात, येथें मुळीं रोग नव्हताच. मनुष्याचें मन असें घडलें आहे कीं, एका चेहऱ्यासाठीं तें रडतें आणि शंभरांच्या आंकड्यापुढें जांभई देतें. संख्याशास्त्र हा रुक्ष विषय त्या मुलीस कां शिकवावा, याचें आमच्या मतें खरें उत्तर हेंच आहे: ज्यांचे चेहरे आपणांस कधीं दिसणार नाहींत, त्यांचीही गणना माणसांत करण्याची संवय लागावी म्हणून.

यावर कोणी जाणता वाचक म्हणेल कीं, यासाठीं पदवी हवी कशाला? हा आक्षेप भारी आहे, आणि त्याचा पुरावा आमच्याच जिल्ह्यांत आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांतील शस्त्रवैद्य डॉ. नोशीर अंटिया हे महारोग्यांचे वांकडे झालेले हात नीट करीत. त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत अलिबाग तालुक्यांत मांडवें येथें एक प्रयोग चालविला. सुमारे तीस गांवें, तीस हजारांची वस्ती, आणि गांवोगांवच्या बायका, बहुतेक जेमतेम अक्षरओळख असलेल्या. क्षयरोगी व महारोगी शोधून काढणें, त्यांचीं औषधें चालू ठेवणें, गरोदर बायांची विचारपूस, लहान मुलांच्या लसी, हीं कामें त्यांनीं उत्तम केलीं. तिकडे नगर जिल्ह्यांत, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, जामखेड येथें १९७० सालीं डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दंपत्यानें हाच मार्ग धरिला. हे दोघे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यक महाविद्यालयांत शिकलेले व वडाळा येथील मिशनच्या दवाखान्यांत राबलेले; त्यांचें नांव आमच्या वाचकांस सांगावयास नको. तेच तेच रोगी बरे होऊन घरीं जातात व तोच रोग घेऊन परत येतात, हें पाहून त्यांनीं दवाखान्याच्या भिंतीबाहेर पाहिलें. तेव्हां गांवकऱ्यांनीं आधीं मागितलें तें औषध नव्हे. पाणी व अन्न. प्रथम त्यांनीं गांवांत शिकलेल्या नर्सा पाठविल्या, आणि तें साधलें नाहीं. मग गांवच्याच बायका निवडल्या, त्यांत पुष्कळ दलित, आणि तें साधलें.

मग पदवी कशास? याचें उत्तर मांडव्याच्या शेवटांत आहे. तो प्रयोग सुमारे दहा वर्षांनीं, १९८३ च्या सुमारास बंद पडला. बायका थकल्या म्हणून नव्हे, औषधें संपलीं म्हणून नव्हे. चालविणाऱ्यांनीं पुढें लिहून ठेविलें त्याप्रमाणें, ज्यांच्या हातीं गांवचा अधिकार होता त्यांस ही नवी शक्ति रुचली नाहीं. बाई रोग ओळखूं लागली म्हणजे ती प्रश्नही विचारूं लागते. आणि प्रश्न कोणाकोणास बोंचतात, हें शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत लिहिलेलें नसतें. सत्ता म्हणजे काय, ती ग्रामपंचायतींत कशी फिरते, आरोग्य खात्याचा पैसा कोणत्या वाटेनें येतो व कोठें अडतो, हें जाणणारीं माणसें त्या बायकांच्या पाठीशीं पाहिजे होतीं. त्यांच्या जागीं नव्हे, पाठीशीं. पदवीधर मुलीनें आशाताईस ढकलून पुढें बसावें यासाठीं हें शिक्षण असेल, तर तें नसलेलेंच बरें. २००५ सालीं निघालेल्या योजनेनें हजारों आशा गांवोगांव नेमिल्या, आणि जामखेडचा धडा देशानें गिरविला असें आपण म्हणतों. परंतु त्यांस सरकारी नोकर न म्हणतां स्वयंसेविका म्हणण्याची युक्ति त्या धड्यांत नव्हती. ही युक्ति कोणाच्या सोयीची, हा प्रश्नही त्या अभ्यासांत येतो, व यावा.

दोन धोके मात्र आम्हांस दिसतात. एक असा कीं, अर्धवट वैद्यक शिकून गांवांत येणारास लोक आपण होऊनच 'डॉक्टर' म्हणूं लागतात, आणि ती हांक गोड लागते. ज्यानें सुई टोंचण्याचें शिक्षण घेतलें नाहीं त्यानें ती हातीं धरूं नये, मग कोणी कितीही विनवो. दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. कातकऱ्यांच्या वाड्या आजवर किती वेळां मोजल्या गेल्या असतील! कोणी मुलांचीं वजनें घेतलीं, कोणी रक्त घेतलें, कोणी फोटो घेतले, आणि त्या आंकड्यांवर पदव्या मिळाल्या. पण तुमच्या मुलांविषयीं आम्हांस असें आढळलें, हें सांगावयास त्या वाडींत परत कितीजण आले? ज्याचें दुःख मोजलें, त्याला मोजमापाचा निकाल त्याच्या भाषेंत सांगणें हें उपकाराचें काम नव्हे; तें देणें आहे.

राहिला पैशाचा विषय, आणि तो आम्ही झांकून ठेवणार नाहीं. ही पदवी घेतलेल्यास डॉक्टरासारखी प्राप्ति होत नाहीं. संस्थांतून, सरकारी योजनांतून कामें मिळतात, पण तीं बहुधा ठराविक मुदतीचीं असतात. १९७८ सालीं आल्मा-आटा येथें बहुतेक राष्ट्रांनीं मिळून २००० सालापर्यंत सर्वांस आरोग्य देण्याचें ठरविलें. तें साल येऊन गेलें, आणि हें काम करणाऱ्यांच्या पगाराचा प्रश्न अजून तसाच आहे. म्हणून ज्या घरांत एकच शिकलेली मुलगी व मागें तीन भावंडें आहेत, त्या घरास त्यागाचा उपदेश करण्यास आम्ही धजत नाहीं. गरिबानें सर्वांसाठीं फुकट शिकावें, आणि पोट भरलेल्यांनीं त्याची वाहवा करावी, हा न्याय नव्हे. ज्याचें फळ साऱ्या तालुक्यास मिळावयाचें, त्याच्या फीचा वांटा साऱ्या तालुक्यानें उचलावा. ज्या मंडळ्या डॉक्टर होणाऱ्या मुलास वर्गणी काढून देतात, त्यांनीं याही मुलीच्या अर्जास जागा द्यावी.

आणि तिनें हा विषय घेतलाच, तर गांवांतील कामासाठीं कोणते महिने निवडावे, हें आधीं पाहावें. विद्यापीठें बहुधा हिंवाळ्यांत विद्यार्थ्यांस खेड्यांत पाठवितात, कारण तेव्हां रस्ते सुके असतात व हवा बरी असते. पण पाण्याचे हाल पाहावयाचे तर खारेपाटांत मे महिन्यांत गेलें पाहिजे. उंदरांच्या मुतानें पसरणारा लेप्टोचा ताप कसा लागतो हें पाहावयाचें तर भातलावणीच्या चिखलांत. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर निघून जातात, तीं पाऊस तोंडावर आल्यावर परततात. जानेवारींत वाडीवर गेलेल्यास दारें बंद, दोन म्हातारीं माणसें व एखादें कुत्रें आढळेल. आणि तो आपल्या वहींत लिहील कीं, येथें कुपोषित मुलें आढळलीं नाहींत.