पापलेटाचं माप

समुद्र वाचवायला सांगणाऱ्या दालनात हमखास एक बटण असतं. ते दाबलं की काचेमागचं कासव उजळतं, लाटांचा आवाज येतो. मुलं दाबतात आणि पुढच्या बटणाकडे पळतात. त्यांना करायला दिलेलं कामच तेवढं असतं.

कॅलिफोर्नियातलं माँटेरी बे मत्स्यालय १९८४ साली सार्डिनच्या एका जुन्या कारखान्याच्या जागी उभं राहिलं. समुद्रातले सार्डिन संपत आले, तसे तिथले कारखाने बंद पडले होते. १९९७ मध्ये या मत्स्यालयाने मासेमारीवर एक प्रदर्शन मांडलं. कोणते मासे खावेत, कोणते टाळावेत, हे सांगणारी कार्डं उपाहारगृहाच्या टेबलांवर ठेवली होती. लोक ती उचलून घरी नेऊ लागले. त्यातूनच १९९९ मध्ये ‘सीफूड वॉच’ हा उपक्रम सुरू झाला. लाखमोलाच्या पडद्यांहून मला ते कार्ड मोलाचं वाटतं. जेवायला काय मागवायचं हे ठरतं, नेमकं तिथे ते पोचलं.

आपल्याकडे हे मासळीबाजारात ठरतं. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला. त्याच वर्षी राज्य शासनाने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली, त्याहून लहान मासा धरायचा नाही. माशाला एकदा तरी अंडी घालता यावीत, हा त्यामागचा हेतू. पापलेटासाठी ही लांबी १३५ मिलिमीटर आहे. फलकावर वाचलेला हा आकडा दाराबाहेर पडेपर्यंतही टिकायचा नाही. पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा पंजा, मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण तेवढाच भरतो!

म्हणून दालनात मासळीची एक पाटी ठेवावी. तिच्यात लहानमोठी लाकडी पापलेटं, हातात घेतल्यावर खरी वाटावीत अशा वजनाची. मुलांनी एकेकावर पंजा ठेवावा आणि पंजाहून आखूड भरतील ती बाजूला काढावीत. मग रविवारी आजीबरोबर बाजारात गेल्यावर स्वस्तातल्या बारक्या पापलेटांचा वाटा समोर आला, की माप हाताशीच असेल.

ही मांडणी ठरवताना मासळी विकणाऱ्या मावशींना आणि होडीवरच्या तांडेलांना आधी बोलवावं. बारकी मासळी का येते, हे त्यांना पुरतं ठाऊक असतं. जाळ्याचा आस, म्हणजे भोकांचा आकार, लहान असला की पिल्लं निसटत नाहीत. तेव्हा पाटीशेजारी जाळ्याचे दोन तुकडेही टांगावेत, एक बारीक आसाचा, एक मोठ्या. कुठल्या जाळ्यातून लाकडी पिल्लू निसटतं, ते मुलांनी स्वतःच्या हाताने ओढून पाहावं.