विकणाऱ्याचें मौन

आपल्याकडील १८७२ सालच्या कराराच्या कायद्यांत, कपट म्हणजे काय हें सांगणाऱ्या सतराव्या कलमाखालीं, एका घोड्याच्या विक्रीचीं उदाहरणें दिलीं आहेत. घोडा सदोष आहे हें विकणारा जाणतो; लिलावांत तो घोडा विकतो, आणि त्या दोषाविषयीं चकार शब्द काढीत नाहीं. कायदा म्हणतो, हें कपट नव्हे. घेणारी जर विकणाऱ्याची नुकतीच वयांत आलेली मुलगी असेल, तर मात्र बापानें बोललेंच पाहिजे. तिसऱ्या उदाहरणांत घेणारा आधींच सांगून ठेवतो कीं, तुम्हीं नाकारलें नाहीं तर घोडा निर्दोष आहे असें मी समजेन. त्यावर विकणारा गप्प राहतो. येथें तें गप्प राहणें हेंच बोलणें ठरतें. सगळा मजकूर थोड्याशा ओळींचा. परंतु माणसानें माणसाशीं किती खरें बोलावें ह्या प्रश्नाची इतकी नेमकी मांडणी नीतिशास्त्राच्या मोठाल्या ग्रंथांतहि आम्हांस क्वचितच आढळली.

सारंगखेड्याच्या यात्रेस जाणारे हौशी सोडले, तर आमच्या वाचकांपैकीं कोणास घोडा घेण्याचा प्रसंग येईल असें वाटत नाहीं. पण घोडा गेला तरी अश्वशक्ति राहिली आहे, आणि तिच्याबरोबर तो प्रश्नहि राहिला आहे. आमचे एक जुने विद्यार्थी बरींच वर्षें जर्मनींत नोकरीस आहेत. त्यांचें मध्यंतरीं एक लांबलचक पत्र आलें. तेथील मराठी मंडळींपैकीं एका स्नेह्याची 'पोर्शे केयेन टर्बो' ही २००४ सालची गाडी त्यांस विकत घ्यावयाची होती. स्नेही असे कीं, गणपतीचा प्रसाद वर्षानुवर्षें ज्यांच्या घरीं घ्यावयाचा; त्यांच्याजवळ दुरुस्तीचे कागद मागावे काय, आणि त्यांच्या गाडीचें इंजिन तिऱ्हाईत कारागिराकडून तपासून घ्यावें काय, हा पहिला प्रश्न. गाडी घेतल्यावर तिची शक्ति एका कारखान्यांत वाढवून घ्यावी काय, हा दुसरा. ह्यास त्यांच्या पत्नीचा विरोध होता. पहिल्या प्रश्नांत भीड होती, दुसऱ्यांत हौस होती. आणि मोटारीचें ज्ञान आम्हांस बेताचेंच असल्यानें दोन्ही ठिकाणीं त्यांस आमच्याकडून कारागिराचा नव्हे, अध्यापकाचा अभिप्राय हवा होता, हें उघड आहे.

गाडीची थोडी माहिती सांगणें जरूर आहे. केयेन ही २००२ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आली. ठेंगण्या, चपळ, शर्यतीच्या गाड्यांबद्दल नांवाजलेल्या कंपनीनें अशी उंच, अवजड, चिखलांतूनहि वाट काढणारी गाडी करावी, हें तिच्या जुन्या भक्तांस मुळींच रुचलें नाहीं. पुढें कंपनीची भरभराट मात्र ह्याच गाडीनें केली. टर्बो जातीचें इंजिन आठ सिलिंडरांचें, साडेचार लिटरांचें आणि ४५० अश्वशक्तीचें. गाडीचें वजन २,३५५ किलो. आणि असें असूनहि उभ्या स्थितींतून ताशीं १०० किलोमीटरांचा वेग ती ५.६ सेकंदांत गांठते. नवी असतांना जर्मनींत ती लक्ष युरोंच्या आसपास पडे. आज ती त्या रकमेच्या अल्पशा अंशांत मिळते, आणि हाच तिचा मोह.

परंतु ह्या मोहाच्या पोटांत एक गणित आहे. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते. तिच्या सुट्या भागांची उतरत नाहीं. ज्या गाडीस एके काळीं लाखांत मोजावें लागे, तिचे ब्रेक, तिचें हवेच्या पिशव्यांवर तोललेलें सस्पेन्शन, तिचे टायर हे सर्व आजहि त्याच श्रीमंती मोलानें मिळतात. विशेषतः इंजिनाच्या दोन रांगांमधल्या घळींत, वरच्या भागांनीं पूर्णपणें झांकलेल्या जागीं, इंजिन थंड राखणारें पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या आहेत. आरंभींच्या गाड्यांत त्या प्लास्टिकच्या होत्या. वर्षानुवर्षें उष्णतेंत राहून त्या ठिसूळ होतात, आणि एके दिवशीं भर रस्त्यांत फुटून सारें पाणी खालीं गिअरबॉक्सवर वाहूं लागतें. जाणते मालक त्या काढून ॲल्युमिनियमच्या बसवितात. मागच्या चाकांकडे शक्ति नेणाऱ्या लांब दांड्याच्या मध्यावरहि रबरांत बसविलेलें एक बेअरिंग असतें. रबर फाटलें म्हणजे गाडीच्या पोटाखालून ठोके ऐकूं येतात. दांड्याचे ठोके फेरफटका मारतांना तरी ऐकूं येतील. नळ्यांचा ठिसूळपणा मात्र इंजिन अर्धें उकलल्याखेरीज कोणासहि दिसावयाचा नाहीं.

विकणाऱ्यानें काय सांगावें हा वाद फार जुना आहे. सिसेरोनें इ. स. पू. ४४ मध्यें कर्तव्यावर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागांत दोन स्टोइक तत्त्ववेत्त्यांचा मतभेद आला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. अलेक्झांड्रियाहून धान्याचें जहाज घेऊन एक व्यापारी तेथें पोंचतो. मागून आणखी जहाजें येत आहेत हें त्यास ठाऊक आहे. त्यानें तें सांगावें काय? डायोजिनीझ म्हणे, न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे. कायद्यानें जेवढे दोष सांगावयास लावले तेवढे सांगावे, बाकी आपला माल चांगल्या भावानें विकावा. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणे, जें विकणाऱ्यास ठाऊक तें घेणाऱ्यासहि ठाऊक झालें पाहिजे. सिसेरोनें शिष्याचा पक्ष घेतला. आपल्या मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांतहि सदोष किंवा दडविलेला माल विकूं नये असें सांगून, शिवाय खरेदीविक्रीचा पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांच्या आंत ती फिरविण्याची मोकळीक ठेविली आहे. आजच्या दुकानदारांस ही शेवटची तरतूद वाचून दाखवावी अशी आम्हांस पुष्कळदां इच्छा होते.

आमचा कौल अँटिपेटरच्या बाजूस आहे. परंतु त्याचा नियम जसाच्या तसा घेतला तर बाजार चालणार नाहीं असेंहि वाटतें. रंगावरचा ओरखडा, बैठकीचें झिजलेलें चामडें, झिजत आलेला टायर हीं घेणाऱ्यास डोळे उघडे ठेवून दिसतात; त्यांची यादी वाचीत बसणें हा विकणाऱ्याचा धर्म नव्हे. पण घळींतल्या नळ्या? तेथें घेणाऱ्याचा डोळा पोंचत नाहीं आणि पोंचावा अशी अपेक्षाहि करतां येत नाहीं. दोष जितका खोल, तितकें बोलण्याचें कर्तव्य मोठें, असें आम्ही म्हणूं. जर्मनीचा दिवाणी कायदा ह्या बाबतींत आपल्या घोड्याच्या कायद्यापेक्षां कडक आहे. त्याच्या ४४४ व्या कलमाप्रमाणें, दोषांची जबाबदारी आपल्यावर नाहीं अशी शर्त घालून विकणारा मालकहि, जाणूनबुजून दोष लपविला असेल तर, त्या शर्तीच्या आड दडूं शकत नाहीं.

मौनानें केवळ एका घेणाऱ्याचें नुकसान होतें असेंहि नव्हे. जॉर्ज अकरलॉफ ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत जुन्या मोटारींच्या बाजाराचाच दाखला घेतला आहे. चांगली गाडी कोणती आणि वाईट कोणती हें घेणाऱ्यास ओळखतां येत नाहीं. म्हणून तो सर्वांस मधली किंमत देऊं करतो. त्या किंमतीस चांगल्या गाडीचा मालक आपली गाडी देत नाहीं, घरीं ठेवतो. आणि बाजारांत वाईट गाड्यांचेंच प्रमाण वाढत जातें. ह्या विषयावरील कार्याबद्दल त्यांस २००१ सालीं इतर दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. नीतीच्या भाषेंत त्याचा अर्थ असा कीं, गप्प बसणारा मालक ज्यास कधीं पाहिलेंहि नाहीं अशा प्रामाणिक मालकाचा शब्द फुकट घालवितो.

आतां भीड. ती भिकेची बहीण असें आपल्याकडे म्हणतात, आणि स्नेह्यांच्या व्यवहारांत ह्याचा अनुभव कोणास नाहीं? परंतु प्रश्न विचारणें हा अपमान आहे, हें आम्हांस मान्य नाहीं. स्नेही खरा असेल तर विचारण्यानें त्यास आपला खरेपणा दाखविण्याची संधि मिळते. सांगावयाचें मनांत असून संकोचानें राहिलें असेल तर त्याची सुटका होते. उलट न विचारणारा आपण समजतों तितका भाबडा नसतो. पुष्कळदां त्यास उत्तराचीच भीति असते: उत्तर आलें तर स्वस्ताईचा आनंद जाईल, आणि न आलें तर पुढें दोष द्यावयास माणूस शिल्लक राहील. कायद्यांतील तिसऱ्या उदाहरणाचा घेणारा म्हणूनच आम्हांस आदर्श वाटतो. तो भांडत नाहीं, संशय घेत नाहीं, केवळ मौनास अर्थ देऊन ठेवतो. आम्हीं तसेंच विचारावें असें कळविलें. विद्यार्थ्यांनीं विचारलें, आणि स्नेह्यांनीं पावत्यांची एक जाड फाईल पुढें ठेविली. नळ्या बदललेल्या होत्या. त्याची पावती सर्वांत वर होती. मग थोडें थांबून त्यांनीं आपण होऊन सांगितलें कीं, दोन वर्षें इंजिनाची शक्ति वाढविलेली होती, आणि विकावयाचें ठरल्यावर ती पूर्ववत् करून घेतली. ह्याची पावती फाईलींत नव्हती.

नळ्यांची पावती वर आणि ह्याची कोठेंच नाहीं, ह्या एका गोष्टींत दुसऱ्या प्रश्नाचें बरेंचसें उत्तर येतें. टर्बो इंजिनाची शक्ति वाढविणें आज फारसें अवघड नाहीं. इंजिनास किती हवा व किती इंधन द्यावें हें ठरविणाऱ्या संगणकांतील आज्ञा बदलल्या, हवेचा दाब चढविला, कीं एका दुपारीं कित्येक अश्वशक्ति वाढते. पूर्वीच्या आज्ञा जपून ठेवून हव्या तेव्हां परत घालतां येतात. जादा दाबाखालीं इंजिनानें आणि गिअरबॉक्सनें जें सोसलें, तें मात्र परत घालतां येत नाहीं. हौशी लोकांच्या वर्तुळांत ह्या वाढीव शक्तीची प्रौढी मिरविली जाते हें खरें. पण तीच गाडी एखाद्या साध्या कुटुंबास विकावयाची वेळ आली म्हणजे प्रौढी मिरविणारे एकाएकीं मितभाषी होतात.

स्वतः पोर्शे कंपनीनें २००६ सालीं ह्याच इंजिनाची ५२१ अश्वशक्तीची 'टर्बो एस' काढली. पण तेव्हां तिनें दाबलेली हवा थंड करणारीं यंत्रेंहि अधिक कार्यक्षम केलीं, आणि पुढचे ब्रेक मोठे बसविले. ह्यांत पदार्थविज्ञानाचा पहिल्या वर्गाचा नियम आहे: वेग दुप्पट झाला कीं गतिज ऊर्जा चौपट होते, आणि सव्वादोन टनांहून जड गाडी थांबवितांना ती सर्व ऊर्जा ब्रेकनाच पचवावी लागते. रस्त्यावर समोरून येणाऱ्या सायकलस्वारानें ह्या खरेदींत कोणताहि करार केलेला नसतो; त्यास कोणी कांहीं विचारीत नाहीं, सांगतहि नाहीं. जर्मनींत असा बदल तपासून घेऊन कागदांत नोंदविला नाहीं, तर गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच लटका पडतो. आपल्याकडेहि मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आहे, आणि कारखानदारानें ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत फेरफार करतां येत नाहींत असें सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं सांगितलें आहे. विमा कंपनीपासून असा बदल लपविला तर ती भरपाई नाकारूं शकते, कारण विम्याच्या करारांत पूर्ण सत्य सांगणें हें कायद्यानेंच बंधन मानलें आहे. शेजाऱ्याशीं घोड्याबद्दल गप्प बसण्याची मुभा, आणि कंपनीशीं मात्र नाहीं. कायद्याचा हा पक्षपात आम्हांस नेहमींच मौजेचा वाटत आला आहे.

गाडींत सुधारणा करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. ॲल्युमिनियमच्या नळ्या ही सुधारणाच आहे. चांगले टायर, मोठे ब्रेक, हवेच्या नव्या पिशव्या ह्याहि सुधारणाच. ह्या सर्वांची पावती माणूस जपून ठेवतो आणि पुढच्या घेणाऱ्यास आपण होऊन दाखवितो. म्हणून आम्हीं विद्यार्थ्यांस लिहिलें कीं, कारखान्यांत जाण्यापूर्वीं एवढेंच ठरवा: आज्ञा बदलल्याची पावती आपण त्या फाईलींत लावणार आहांत काय? लावणार असाल तर ब्रेकचा खर्चहि त्याच पावतींत धरा, आणि नोंदणीचा व विम्याचा कागदहि तिच्या मागें जोडा. पत्नीनें विरोध केला तो खर्चाकडे पाहून, असें त्यांनीं लिहिलें होतें. हे सगळे कागद जोडून झाल्यावर जी रक्कम येते ती पाहतां, त्यांचा हिशेब आमच्याहून अधिक अचूक होता असें म्हणावें लागतें.