विसाव्याची सनद

मनुष्याने आपला नित्य व्यवहार काही काळ बाजूस ठेवून झाडीने वेढलेल्या डोंगरावर जावे, तेथे उबदार छपराखाली निश्चिंत झोपावे, पहाटे पाखरांच्या शब्दाने उठावे आणि मन निवल्यावर पुन्हा आपल्या उद्योगास लागावे, ही इच्छा धर्मदृष्ट्या कोणत्या पायरीची समजावी, असा प्रश्न चौलच्या दत्ताच्या डोंगरावर चढणाऱ्या विचारी माणसाच्या मनात उभा राहिल्यावाचून राहत नाही. पायथ्याशी भोवाळ्याचा तलाव आणि नारळी-पोफळीच्या वाड्या. त्या वाड्यांतून शहरी कुटुंबांसाठी अलीकडे उभी राहिलेली कौलारू विश्रामगृहे. झाडीतून वर जाणाऱ्या शेकडो पायऱ्या, वाटेवर बुरांडे महाराजांचा समाधिमठ आणि हरेराम बाबांची धुनी. आणि माथ्यावर दत्तप्रभूंचे मंदिर. मार्गशीर्षी पौर्णिमेपासून पाच दिवस येथे यात्रा भरते. एरवी मात्र ज्यांना थकवा घालवायचा आहे अशांचीच वर्दळ अधिक असते, आणि 2020 साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाल्यापासून ती पुष्कळच वाढली आहे.

या प्रश्नास दोन तयार उत्तरे प्रचारात आहेत. विरक्तांचे म्हणणे असे, की अरण्य हे तपाचे स्थान. तेथे मऊ गादी, ऊन पाणी आणि रुचकर भोजन यांची अपेक्षा धरून जाणारा आपल्या भोगाचे केवळ स्थलांतर करतो. व्यवहारी माणसाचे म्हणणे असे, की भाडे दिले, पावती घेतली, तेथे हिशेब संपला. यात धर्माचा संबंध कोठे येतो? मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात, आणि ती अपुरी का, हे समजून घेण्याची सामग्री चौलच्याच भूमीत विखुरलेली आहे.

हिंगुळजा देवीच्या डोंगरात लहानशी बौद्ध लेणी आहेत. ग्रीक नाविकांना जे बंदर ठाऊक होते, ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात ज्याचे नाव आले आहे, आणि ज्या चेमुलच्या, म्हणजे प्राचीन चौलच्या, रहिवाशांनी कान्हेरीच्या लेण्यांस दाने दिल्याचे शिलालेख सांगतात, त्या संपन्न बंदराच्या गजबजाटापासून थोड्याच अंतरावर, खडकाच्या पोटात, कोणी एके काळी पावसाळा काढीत असे. हा वर्षावास भिक्षूंच्या आचारात आला कसा, याची विनयपिटकातील कथा फार मननीय आहे. आरंभी भिक्षू बारमाही हिंडत असत. तेव्हा लोकांनी तक्रार केली, की पावसाळ्यात पाखरेसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटे करून राहतात आणि हे श्रमण मात्र कोवळे गवत तुडवीत, बारीकसारीक जीव चिरडीत चालले आहेत. ती तक्रार रास्त मानून बुद्धांनी तीन महिने एके ठिकाणी राहण्याचा नियम घातला. म्हणजे या मुक्कामाच्या मुळाशी देहाच्या सुखाचा विचार नसून नुकत्याच उगवलेल्या अंकुराविषयीची करुणा होती. डोंगराने माणसाला आश्रय द्यावा याच्या आधी माणसाने डोंगराला इजा करू नये, हा विचार तेथे पहिला होता.

तरीही बुद्धांनी देहाच्या सुखाचा तिरस्कार केला असे कोणी समजू नये. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने झाडाखाली, गुहेत, गवताच्या गंजीत रात्र काढणारे भिक्षू पाहिले आणि त्यांच्यासाठी निवास बांधण्याची अनुज्ञा मागितली; ती मिळताच त्याने एका दिवसात साठ निवास उभारले अशी कथा आहे, आणि हे दान स्वीकारताना बुद्धांनी थंडी, ऊन, पाऊस, डास, सर्प व श्वापदे यांपासून होणाऱ्या रक्षणाची गणना करून छपराची स्तुतीच केली. ज्याच्या अंगावर पाणी गळते आहे त्याचे चित्त स्थिर होणे दुर्घट, हे ज्ञान त्या महापुरुषास होते. म्हणून विरक्तांचा आक्षेप मला मान्य नाही. कोरड्या, उबदार खोलीत गाढ झोप लागणे हा अधर्म नव्हे. दिवसभर रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेने अगर कचेरीत दप्तरे तपासून डोळे शिणलेल्या कारकुनाने दोन रात्री झाडीत निवांत काढल्या, तर त्यांच्याकडे कमीपणाच्या दृष्टीने पाहण्याचा अधिकार कोणाही तपस्व्यास नाही.

प्रश्न आहे तो त्या विसाव्याच्या मालकीचा. त्या काळचे दाते निवास देताना तो चारी दिशांच्या संघास, म्हणजे जो येईल त्याला, देत असत. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात उषवदात नावाच्या अशाच एका दात्याचा जो लेख आहे, त्यात या व्यवस्थेचा हिशेब अगदी एखाद्या चोख फडणिसाने लिहावा तसा नमूद आहे. त्याने तीन हजार कार्षापणांची अक्षय ठेव विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. पैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण व्याज ठरले. मोठ्या रकमेच्या वार्षिक व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावयाचे. मुद्दलास कोणी हात लावावयाचा नाही. याच उषवदाताने शूर्पारकादी स्थळी पांथस्थांसाठी चौसोपी निवास बांधले आणि नद्यांवर फुकट तरी चालविल्या. विसावा घेणारा एक, त्याची तजवीज करणारा दुसरा, राबणारे विणकर तिसरे, आणि पुढे येणारा अनोळखी पाहुणा चौथा; असा तो विसावा अनेकांच्या हातांतून आलेला होता, आणि घेणाऱ्याला हे ठाऊक होते.

पुढे मराठी अमदानीत देवस्थानांस इनामे मिळत, ती याच भावनेची कायदेशीर आकृती होय. इनामदाराला सनद मिळे, वहिवाट मिळे, उत्पन्न मिळे. परंतु त्यासोबत नंदादीप तेवत ठेवणे, पूजा-नैवेद्य चालविणे, आल्यागेल्याची सोय पाहणे ही चाकरीही मिळे. माझ्या समजुतीप्रमाणे डोंगरावरचा विसावा हे असेच एक इनाम आहे. भाड्याची पावती ही खोलीची किंमत होय. ज्या झाडांच्या सावलीने, ज्या झऱ्याच्या पाण्याने आणि ज्या निःशब्दतेने त्या खोलीस मोल आले, त्यांची किंमत कोणीही चुकती केलेली नसते. म्हणून व्यवहारी माणसाचा हिशेब पावतीपाशी संपत नाही.

इंग्रजांनी थंड हवेच्या ठिकाणांची जी प्रथा पाडली, तिच्यात हा चाकरीचा भाग गळून पडला. सर जॉन मालकमच्या कारकिर्दीत महाबळेश्वरास आजारी गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी आरोग्यस्थान वसले, 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानास चढला, आणि डोंगर म्हणजे शरीरास मानवणारी हवा, हे समीकरण रूढ झाले. माथेरानात मोटारीस मज्जाव आहे, एवढी मर्यादा मात्र तेथे राहिली, आणि ती फार मोलाची आहे.

दत्तप्रभूंच्या डोंगरावर हा विचार चालला असता अवधूताचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. परंपरा सांगते, की दत्तात्रेय स्नान एके ठिकाणी, भिक्षा कोल्हापुरात, आणि निद्रा माहूरच्या वनाच्छादित गडावर करतात. साक्षात देवालाही निद्रेसाठी डोंगरच हवा. पण तो डोंगर त्याने आपल्या नावावर करून घेतलेला नाही. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले, त्यांत सर्प आहे. सर्प स्वतः घर बांधीत नाही, दुसऱ्याने केलेल्या बिळात सुखाने राहतो. घर बांधण्याचा आरंभच दुःखाचे कारण, हे अवधूत त्याच्यापासून शिकला. त्याच ठिकाणी पर्वत आणि वृक्ष यांच्यापासून घ्यावयाचा धडाही सांगितला आहे, तो हा की त्यांचे अस्तित्वच परार्थ असते. या दोन गुरूंना एकत्र ठेवून पाहिले म्हणजे आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळते असे मला वाटते: पर्वत देण्यासाठीच आहे, तेव्हा घेण्यास संकोच नको, परंतु घ्यावयाचे ते सर्पाप्रमाणे, पाहुणा होऊन. डोंगर पाहून मन निवाले की लगेच तेथे आपली एक जागा असावी, तिला कुंपण असावे, सातबाऱ्यावर आपले नाव लागावे, ही जी ओढ लागते, ती लागताच विसावा संपून चिंता सुरू होते. मग वाडीच्या राखणदाराचा पगार, विहिरीचा पंप आणि शेजाऱ्याशी बांधाचा तंटा ही सारी दुनिया माणूस डोंगरावर घेऊन येतो.

याचा अर्थ गृहस्थाने गृह सोडावे असा नव्हे. ज्या एकनाथांनी या एकादश स्कंधावर मराठीत टीका लिहून ती 1573 साली काशीत पुरी केली, ते प्रपंचातच राहिले; आणि त्यांचे गुरू जनार्दनस्वामी तर निजामशाहीच्या चाकरीत देवगिरीचे किल्लेदार होते, त्या निजामशाहीच्या, जिचे चौल हे एक प्रमुख बंदर होते. किल्ल्याचा कारभार सांभाळून दर गुरुवारी ते कचेरी बंद ठेवून दत्तचिंतनात राहत, अशी सांप्रदायिक परंपरा आहे. आठवड्यातून एक दिवस कामास विराम देण्याची रीत शहरी जीवनाने आणली असे आपण समजतो. परंतु डोंगरावर बसलेल्या या अधिकाऱ्याच्या सुट्टीत आणि आपल्या सुट्टीत भेद एवढाच, की सोमवारी काम करण्याची ताकद यावी म्हणून आपण रविवार घेतो, आणि स्वामींच्या इतर सहा दिवसांचे काम त्यांच्या गुरुवारातून अर्थ घेत असे.

एकाची मालकी सुटून विसावा सर्वांचा झाल्याचे उदाहरण जवळच आहे. चौलहून रेवदंड्याची खाडी ओलांडून दक्षिणेस गेले, की मुरूड तालुक्यात फणसाडचे अरण्य लागते. पूर्वी ही जंजिऱ्याच्या नबाबाची शिकारीची राखीव जागा होती. 1986 पासून ते अभयारण्य आहे, आणि सुपेगावास वन खात्याच्या राहुट्यांत मुक्काम करता येतो. जेथे एका धन्याच्या मौजेसाठी जनावरे मारली जात, तेथेच आज सामान्य माणसाने शेकरूची हालचाल निरखीत पडून राहावे, हा पालट मला धर्माचाच विजय वाटतो.

म्हणून आषाढ-श्रावणात दत्ताच्या किंवा हिंगुळजेच्या डोंगरावर येणाऱ्यांना माझी विनंती आहे, की पायरी सोडून हिरवळीवर जाऊ नये आणि भोवाळ्याच्या तलावात उष्टे-खरकटे टाकू नये. आणि ज्यांनी चौलच्या वाड्यांत घरे बांधली आहेत, त्यांनी कुंपण घालताना गुरांची व यात्रेकरूंची जुनी वहिवाट मोकळी ठेवावी, आणि फाटकाबाहेर वाटसरूसाठी पाण्याचा एक रांजण भरून ठेवावा.