गरीब आणि होतकरू

काही शब्द जोडीनेच नांदतात. 'गरीब व होतकरू' ही त्यातलीच एक जोडी. 'श्रीमंत व होतकरू' विद्यार्थी आजवर माझ्या तरी ऐकिवात नाही. श्रीमंताचा मुलगा एकदम 'होतो'. मधल्या 'होत राहण्याच्या' पायरीवर ताटकळत बसणे त्याच्या नशिबी नसते.

आता होतकरू माणसे हुडकण्याचा रीतसर धंदा झाला आहे. क्रिकेटमध्ये अशा माणसाला 'टॅलेंट स्काऊट' म्हणतात. आमच्या वेळी स्काऊट म्हणजे खाकी चड्डी, गळ्यात रुमाल आणि दोरीच्या गाठी. हा नवा स्काऊट वही घेऊन मैदानाच्या कडेला बसतो आणि सतरा-अठरा वर्षांच्या पोराकडे बघून त्याचे पंचविसावे वर्ष कसे असेल ते लिहितो. आम्हाला बँकेत समोरच्या माणसाचे गेल्या वर्षीचे उत्पन्न कळायलासुद्धा तीन कागद आणि दोन जामीनदार लागतात!

2023 च्या जूनमध्ये, म्हणजे शहाणी माणसे बॅट गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकतात त्या दिवसांत, पुण्याजवळ गहुंज्याला महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. संघ सहा : पुणे, कोल्हापूर, नाशिक, सोलापूर, रत्नागिरी आणि छत्रपती संभाजीनगर. खानदेशच्या नावाचा एकही नाही. पण ते असो. भरताची वांगी आमची आहेत, तेवढे पुरे. त्या स्पर्धेत सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीने नाशिककडून खेळताना 54 चेंडूंत 117 धावा काढल्या, त्यात 13 षटकार. त्याच डिसेंबरात आयपीएलच्या लिलावात लखनौने त्याला 20 लाखांना घेतला. पोराचे भले झाले. कोणालाही आनंदच होईल.

लिलाव हा शब्द आम्हा जळगावकरांना नवा नाही. केळीचा व्यापारी बागेत येतो तेव्हा घड हिरवागारच असतो. केळ्याच्या कडा बुजून ते गोल झाले की नाही एवढे तो बघतो आणि कापायला सांगतो. केळे पिकते ते दूर कुठल्यातरी गावी, भलत्याच्याच वखारीत. स्काऊटचेही असेच. फरक इतकाच, की मागे राहिलेला घड मान खाली घालून एस.टी.ने घरी जात नाही, आणि त्याची आई दारात उभी राहून 'काय झालं रे?' असे विचारत नाही.

आयपीएलच्या नोव्हेंबर 2024 मधल्या जेद्दाच्या लिलावासाठी 1574 जणांनी नावे दिली. विकले गेले 182. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने वजाबाकी माझ्याने राहवत नाही : 1392. आमच्याकडे अशा रकमेला 'बुडीत' म्हणून वेगळे खाते असते. माणसांना कोणत्या खात्यावर टाकायचे, हा माझा प्रश्न आहे.

धुळ्याला माझी बदली होती तेव्हाची गोष्ट. आमच्या गल्लीतल्या आप्पांचा मुलगा गरुड मैदानावर जलद गोलंदाजी करायचा. चार वर्षे तो निवड चाचणीला जात होता आणि चार वर्षे होतकरूच होता. एकदा आप्पा माझ्या टेबलाशी येऊन बसले. पासबुक पुढे केले, पण नोंद करायची नव्हती. म्हणाले, "साहेब, पोराचं काही होईल का हो? नाही म्हणाले तरी चालंल. पण कोणीतरी म्हणायला पाहिजे ना!"

आमचे हेडक्लार्क यावर म्हणाले, "मुळात कोणाला आशा लावूच नये." हे मला पटत नाही. आशा लावायची नाही म्हणजे पोरांकडे बघायचेच नाही, आणि मग जो होण्यासारखा आहे तोही राहून जातो. निवडायचे म्हटले की कोणीतरी वगळला जाणारच. त्यात पाप नाही. माझी तक्रार वेगळी आहे. बँकेला एखाद्या गरिबाचे छोटेसे कर्ज नाकारायचे तर कारण लेखी कळवावे लागते. पोराला नाकारताना मात्र नुसती यादी लागते. यादीत नाव नसते. बस्स!

कारणाने काय होते? कारण सांगितले की त्याच्याशी भांडता येते. महेंद्रसिंग धोनी रेल्वेत तिकीट तपासनीस होता. 2003 मध्ये जमशेदपूरला प्रकाश पोद्दार यांनी त्याला पाहिला. गुणी मुले शोधण्याच्या त्या योजनेत वयाची अट 19 ची; हा 21 पार केलेला. पण अडचण काय ती स्पष्ट होती, म्हणून दिलीप वेंगसरकरांना ती बाजूला ठेवता आली. मुका नकार कोण कसा बाजूला ठेवणार?

आणि नकार कशाला आहे, तेही सांगावे. 'यंदाच्या संघात जागा नाही' आणि 'तुझा खेळ फुकट गेला' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. आमच्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी 1951 मध्ये गेल्या, तोपर्यंत त्यांच्या ओव्यांना बाहेरचा स्काऊट भेटला नव्हता. नंतर सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये पुस्तक निघाले. अत्र्यांनी ती वही पाहिली हे आपले भाग्य. पण पाहण्याआधीही जात्यावरचे गाणे गाणेच होते. दळणही चालले होते आणि घरातल्यांचे कानही तृप्त होत होते.

म्हणून स्काऊटांना माझी विनंती एवढीच. बघायला जरूर या. आमच्या सागर पार्कवरही या, जळगावला बहुतेक गाड्या थांबतात. पोरगा पसंत पडला तर खुशाल न्या. नाही पडला तर जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवून दोन ओळींत कारण सांगा. जामीनदार मागू नका म्हणजे झाले.