अंग आणि प्रधान

रत्नागिरीतील एका कार्यालयात (त्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, कारण अशी कार्यालये या देशात ठिकठिकाणी आहेत) माझे गेल्या काही वर्षांत वरचेवर जाणे झाले, आणि तेथे आवक-जावक बारनिशी सांभाळणाऱ्या एका कारकुनाशी ओळख झाली. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय अधू झालेले हे गृहस्थ कुबड्यांवर चालतात, आणि दहा वर्षांपूर्वीचा कागद मागितला तरी नुसत्या तारखेच्या अदमासाने बारनिशीचे नेमके पान उघडतात. त्यांची बैठक तळमजल्यावर. हजेरीपट मात्र वरच्या मजल्यावर, साहेबांच्या खोलीबाहेर. जिना इमारतीच्या बाहेरून चढणारा, जांभ्या दगडाचा, १९ पायऱ्यांचा. आषाढात त्यावर शेवाळ धरते, तेव्हा कुबडीचे रबरी बूच प्रथम विजारीला कोरडे पुसावे, मग पायरीच्या कडेला टेकवून जोखावे, आणि ते सरकत नाही अशी खातरी झाल्यावरच अंगाचा भार त्यावर टाकावा, असे १९ वेळा करून हे गृहस्थ वर जातात, सही करतात, आणि तितकीच कसरत करून खाली येऊन कामाला लागतात. हजेरीपट शिपायाकरवी खाली का मागवत नाही, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "अहो, शिरस्ताच आहे तसा. मी एकट्याने सवलत कशी मागायची?"

सवलत या शब्दाने मी थबकलो. कारण जी गोष्ट त्यांचा अधिकार आहे की सवलत, असा प्रश्न पडतो, तिची चर्चा आपल्याकडे फार प्राचीन काळी होऊन गेली आहे. यज्ञाचा अधिकार कोणाला, याचा विचार करताना जैमिनीने आपल्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात अंगहीनाचाही विचार केला आहे. पूर्वपक्षी म्हणतो की फळाची इच्छा जशी धडधाकटाला तशी आंधळ्यालाही असते, मग त्याला यज्ञाचा अधिकार का नसावा? त्यावर सिद्धान्त असा, की विधी सांगतो ते सांगोपांग कर्म, आणि आंधळ्याला आज्यावेक्षण, म्हणजे तुपाकडे पाहण्याचा उपचार, साधणार नाही, पांगळ्याला विष्णुक्रमाची पावले टाकता येणार नाहीत, बहिऱ्याला अध्वर्यूची सूचना ऐकू येणार नाही. सबब ज्याचे वैगुण्य बरे होण्याजोगे आहे त्याचा अधिकार शाबूत, आणि ज्याचे कायमचे आहे त्याचा नाही.

पाहणे, चालणे, ऐकणे. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२१ रोजी दिव्यांगांना योग्य अशी ३५६६ पदे मुक्रर करून जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यात प्रत्येक पदापुढे बसणे, उभे राहणे, चालणे, वाकणे, पाहणे, ऐकणे अशा क्रियांच्या खुणा केलेल्या आहेत, आणि जैमिनीच्या सूत्रांवरचे शबरस्वामींचे भाष्य ज्याने एकदा वाचले आहे त्याला ही यादी चाळताना ते आठवल्यावाचून राहणार नाही. अमुक पदाला अमुक इंद्रिय लागते, ते ज्याला नाही त्याने अर्ज करू नये, हा युक्तिवाद मूळचा यज्ञमंडपातला आहे.

परंतु मीमांसक तेथेच थांबले नाहीत, आणि पुढची गोष्ट आपल्या आस्थापना-शाखांच्या कानी अद्याप गेलेली दिसत नाही. त्याच अध्यायात पुढे असा निर्णय आहे की काम्य कर्म, म्हणजे विशिष्ट फळाच्या इच्छेने करावयाचे कर्म, सर्व अंगांसह करता येत असेल तरच करावे. पण नित्य कर्म, जे टाळले असता दोष लागतो, ते मात्र यथाशक्ति करावे, त्यात एखादे अंग राहिले तरी प्रधान घडले म्हणजे कर्म घडले. प्रधान, म्हणजे मुख्य कृती, आणि अंग, म्हणजे तिला पूरक उपचार, हा भेद मीमांसेचा कणा आहे. चिपळूणजवळच्या पेढे-परशुराम परिसरात १८८० साली जन्मलेले, रत्नागिरीच्या सरकारी शाळेत काही काळ शिक्षकी केलेले आणि १९६३ साली भारतरत्न झालेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या अखेरच्या खंडात पूर्वमीमांसेची स्वतंत्र चर्चा केली, ती काही केवळ विद्वत्तेच्या हौसेने नव्हे. या शास्त्राचे न्याय व्यवहाराचा निवाडा करताना उपयोगी पडतात हे त्या वकिलाला पक्के ठाऊक होते.

आता २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, जो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला, तो पाहावा. १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखल्या होत्या, त्या याने ४ टक्के केल्या, आणि अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. वर्तमानपत्रांत चर्चा होते ती या टक्केवारीची. माझ्या मते त्या कायद्याचा आत्मा दुसरीकडे आहे: सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी, स्वतःवर अवाजवी बोजा न पडता जे फेरफार करणे शक्य व आवश्यक आहेत ते केले पाहिजेत, या कलमात. यालाच मी वाजवी तजवीज म्हणतो, आणि तिचा अर्थ मीमांसेच्या भाषेत एवढाच, की कामातले प्रधान कोणते हे आधी शोधावे आणि अंगाला अंगाच्या जागी ठेवावे. कारकुनाचे प्रधान बारनिशी. वर जाऊन सही करणे हे अंग, तेही उपरे.

मध्य प्रदेशाच्या एका नियमाने दृष्टिहीनांना न्यायाधीशपदाच्या परीक्षेलाच बसू दिले जात नव्हते. ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. न्यायदानाचे प्रधान साक्षीपुराव्याचे तोलन. डोळ्यांनी कागद वाचणे हे आज्यावेक्षण.

कोकणातल्याच एका धंद्याकडे पाहावे. काजूची वाफवलेली बी फोडण्याचे जुन्या धाटणीचे यंत्र हात आणि पाय दोहोंनी चालते: एका हाताने बी दोन पात्यांच्या मध्ये धरायची, पायाने पट्टी दाबायची, आणि गर अख्खा निघेल अशा बेताने टरफल उकलायचे, जोर जरा अधिक झाला की तुकडा पडतो, आणि तुकड्याचा भाव वेगळा. ज्याचे पाय चालत नाहीत त्याला हे काम नाही, असे कोणीही सांगेल. पण गिऱ्हाईक मागते तो अख्खा गर. पट्टी पायाने दाबली की हाताने, हे त्याने कधी विचारले आहे? १९८१ पर्यंत रत्नागिरीचाच भाग असलेल्या सिंधुदुर्गात, कुडाळ तालुक्यात, नसीमा हुरजूक यांच्या संस्थेने अपंगांच्या हातांनी काजूप्रक्रिया चालवून दाखवली. त्या स्वतः ऐन सोळाव्या वर्षी कमरेखाली लुळ्या झाल्या, पुढे कोल्हापुरात सरकारी नोकरी केली, आणि त्यांच्या आत्मकथनाचे नावच 'चाकाची खुर्ची' आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. प्रधानच ज्याला साधत नाही त्याचे काय? दृष्टी गेलेल्या चालकाच्या हाती कशेडी घाटात एसटी देता येणार नाही, तेथे कोणतीही तजवीज उपयोगी नाही. कायद्यालाही हे मान्य आहे. पण सरकारी सेवेत असताना ज्याला अपंगत्व आले त्याला बडतर्फ करू नये, हुद्दा उतरवू नये, त्याच वेतनावर दुसऱ्या पदावर घ्यावे, आणि पद रिकामे नसेल तर जादा पद निर्माण करावे, असे तो बजावतो. खासगी धंद्यांवर मात्र त्याने राखीव जागांचे बंधन घातलेले नाही. समान संधीचे धोरण लिहून काढा म्हणून सांगितले आहे, आणि लिहिलेल्या धोरणाचे कपाटात काय होते हे सांगायला नको.

खरा अडसर कायद्याच्या पलीकडचा आहे. मनुस्मृतीने जन्मांध व बधिर यांना वारसाहक्काचा अंश नाकारला, आणि लगेच पुढे त्यांना जन्मभर अन्नवस्त्र न देणारा पतित होतो असेही सांगितले. पोषण द्या, अंश देऊ नका: ही करुणा की अपहार, हे ज्याने त्याने ठरवावे. वारशापुरता हा नियम बहुतांशी १९२८ च्या कायद्याने मोडला आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने पुरता संपवला, तरी मनातला तो जात नाही. दिव्यांग हा गौरवाचा शब्द आपण मोठ्या हौसेने उचलला, तोही मला पुष्कळदा त्याच अन्नवस्त्राच्या जातीचा वाटतो. अपंगाची नोकरी आपण काम्य कर्म समजतो, त्याला हवीशी वाटली म्हणून दिलेली वस्तू. वास्तविक आपल्या श्रमावर जगणे हे प्रत्येक मनुष्याचे नित्य कर्म आहे. लोकमान्यांच्या जन्मगावी तरी हे कोणाला पटवून देण्याची गरज पडू नये, कारण गीतेतला फळावर हक्क नाही हा भाग सर्वांच्या तोंडी असतो, आणि कर्मावर अधिकार आहे हा त्याच्या आधीचा भाग गळून जातो.

गेल्या पावसाळ्यानंतर त्या कार्यालयातला हजेरीपट बंद झाला. अंगठा टेकवण्याचे यंत्र आले आहे. ते वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, भिंतीला बसवलेले आहे.