मुलाला नको असलेली खाण

एखादी गोष्ट आपल्या मुलाच्या वाट्याला येऊ नये असं मनापासून वाटणं, आणि तीच गोष्ट टिकावी म्हणून वर्षभर बिनपगारी राहणं, या दोन्ही गोष्टी एकच माणूस प्रामाणिकपणे करू शकतो का? साउथ वेल्समधल्या ज्या दरीत मी वाढलो, तिथे हा प्रश्न कुणी या शब्दांत विचारत नसे. पण आमच्या रांगेतल्या निम्म्या घरांत तो मुक्कामाला होता.

माझे बाबा तिथे डॉक्टर होते. साठ-सत्तरच्या दशकांत ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला खाणखोऱ्यांत यायला डॉक्टर मिळत नव्हते. तिथले कितीतरी दवाखाने भारतीय उपखंडातून आलेल्या डॉक्टरांनी चालवले. आई-बाबा पुण्याहून तिथे पोचले ते असे. आमचं आडनाव कुणाच्या तोंडी बसेना, म्हणून बाबा सगळ्यांचे ‘डॉक’ झाले. गावची खाण मी शाळेत जायच्या आधीच बंद पडली होती. माणसं बसने शेजारच्या दरीतल्या खाणीवर जात. बाबांच्या दवाखान्यात बसलेल्या म्हाताऱ्यांबद्दल लोक एवढंच म्हणत, ‘त्याला धूळ आहे.’ न्यूमोकोनिओसिस हा शब्द फक्त बाबांच्या कागदांवर असे. चार पायऱ्या चढताना दोनदा थांबणारा माणूस साठीचाही नसायचा.

आमचे शेजारी खाणीत होते. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात. अभ्यास टाळताना दिसला की ते त्याला दटावत, ‘पुस्तक धर, नाहीतर खाली जाशील.’ ‘खाली’ हा शब्द ते नरकाबद्दल बोलावं तसा उच्चारत. १९८४च्या मार्चमध्ये सरकारी कोळसा मंडळाने वीस खाणी बंद करण्याचा बेत जाहीर केल्यावर संप पेटला, तेव्हा हेच गृहस्थ वर्षभर संपावर राहिले. आई त्यांच्या बायकोबरोबर हॉलमधल्या सामुदायिक स्वयंपाकघरात बटाटे सोलायला जायची. ज्या खाणीत मुलाला पाठवायचं नाही, ती वाचवायला एवढा आटापिटा कशाला, हे मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, ‘यांची फुप्फुसं ऐकली की वाटतं, खाण आजच बंद व्हावी. पण ती बंद झाल्यावर माझ्याकडे कोण येईल, काय सांगत येईल, तेही मला दिसतं.’

या विसंगतीची दोन सोपी उत्तरं आहेत. एक म्हणतं, हा ढोंगीपणा. पोटासाठी माणूस काहीही म्हणतो. दुसरं म्हणतं, त्यांचं खाणीवर प्रेम होतं. पहिलं उत्तर तुच्छतेतून येतं आणि दुसरं हळवेपणातून. कोळशाने काय घेतलं याचा हिशोब त्या दऱ्यांना पाठ होता. १४ ऑक्टोबर १९१३ला सेंघेनिथच्या एका स्फोटात ४३९ कामगार गेले आणि वाचवायला उतरलेला एकजण. असं काही विसरून प्रेम करता येत नाही.

मला उत्तराची वाट दिसते ती अॅबरफॅनमध्ये. खाणीतून निघालेल्या टाकाऊ दगडमातीचे ढिगारे गावाच्या डोक्यावर, डोंगरउतारावर रचलेले होते. २१ ऑक्टोबर १९६६च्या सकाळी सात नंबरचा ढिगारा घसरून शाळेवर आणि घरांवर आला. १४४ माणसं गेली; त्यांतली ११६ मुलं होती. चौकशी आयोगाने कोळसा मंडळाला दोषी ठरवलं, पण कुणाची नोकरी गेली नाही की कुणावर खटला झाला नाही. उरलेले ढिगारे हलवा, असं गावाने म्हटलं, तेव्हा त्या खर्चासाठी पीडितांच्या मदतनिधीतून दीड लाख पौंड घेतले गेले. ते १९९७मध्ये परत मिळाले, बिनव्याजी.

ढिगारे हलवायलाच हवे होते, याबद्दल गावात दुमत नव्हतं. अन्याय होता तो बिल कुणाच्या नावावर फाडलं यात. खाणींचंही तसंच झालं. ‘ही खाण असावी का?’ आणि ‘ती बंद होण्याची किंमत कुणी मोजावी?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आमचे शेजारी मुलाला दटावताना पहिल्याचं उत्तर देत होते आणि संपात दुसऱ्याचं. त्यात विसंगती नव्हती. मुलाने शिकून बाहेर पडणं म्हणजे स्वतः दार उघडून जाणं. खाण बंद होणं म्हणजे कुणीतरी भिंतीसकट दार काढून नेणं.

टॉवर खाणीने हे दाखवून दिलं. १९९४मध्ये तोट्याची म्हणून ती बंद केली गेली. २३९ कामगारांनी नोकरी गेल्याच्या भरपाईतले प्रत्येकी आठ हजार पौंड घालून ती विकत घेतली आणि २००८पर्यंत चालवली. काढण्याजोगा कोळसा संपला, तेव्हा त्यांनी ती आपणच बंद केली.

यावर एक आक्षेप खरा आहे. कोळशाचा धूर दरीत थांबत नाही. खाण चालू ठेवायची का, हे ठरवण्याचा हक्क फक्त खाणीत उतरणाऱ्यांचा असू शकत नाही. जिथे कधी खाण नव्हती तिथल्या शेतकऱ्याचाही त्यात वाटा आहे. मला हे मान्य आहे. पण निर्णय सगळ्यांचा असेल, तर किंमतही सगळ्यांची हवी. जगाच्या भल्यासाठी बंद केलेल्या खाणीचं बिल एकाच गावाने भरायचं असेल, तर त्या भल्याला अॅबरफॅनच्या त्या दीड लाखांची कळा येते.

त्या दरीत अजून अनोळखी माणसालाही ‘बट’ म्हणतात. हा शब्द खाणीतल्या जोडीदारासाठीचा. आज तो तोंडी असलेली पोरं कधी खाली उतरलेली नाहीत, आणि उतरू नयेत. मीही उतरलो नाही. डॉकच्या मुलाला ती भीती कधी नव्हती. म्हणून मला त्या दिवसांची हुरहुर फुकट परवडते, आणि म्हणूनच तिच्यावर माझा फारसा विश्वास नाही. बाहेरून आलेले लोक हिरवे डोंगर बघून हरखतात. त्या हिरव्याखाली वेल्सभर दोन हजारांहून जास्त जुने ढिगारे आहेत. २०२०च्या फेब्रुवारीतल्या वादळात टायलर्सटाउनजवळ त्यांतला एक घसरला, आणि ते सांभाळण्याचा खर्च कुणी करायचा यावरून पुन्हा वाद सुरू झाला.